क्रोमच्या शेडमागची विहीर

माझ्या डाव्या भुवईवर दीड बोटाचा व्रण आहे. तो माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने केला, भर दुपारी, पंधरा-वीस माणसांदेखत. कुणी विचारलं तर मी गाडीवरून पडलो असं सांगतो. खरं म्हणजे त्याच्या आठवडाभर आधी मी एका माणसाचा हात मोडायला कारणीभूत झालो होतो, तोही काठीला हात न लावता, नुसता गप्प राहून.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. नाशिकच्या पश्चिमेला कारखान्यांची वसाहत वाढत गेली तशी आमच्या गावाची निम्मी जमीन तिच्यात गेली. आमची अडीच एकर उरली. दादा तिच्यात मेथी, कोथिंबीर आणि शेवंती करायचा. पहाटे माल पंचवटीच्या बाजारात न्यायचा, उन्हं चढायच्या आत परत यायचं, हा त्याचा आणि वहिनीचा रोजचा क्रम. मी बारावीला आपटलो. शेतात राबायचं नाही म्हणून आमच्या बांधापासून दोनशे पावलांवर एका पत्र्याच्या शेडमध्ये कामाला लागलो. तिथे नळाच्या तोट्या, सायकलची हँडलं, स्कूटरचे सुटे भाग यांना क्रोमचा मुलामा चढवायचे. आम्ही चार-पाच कामगार होतो. त्यात पेठच्या डोंगरातून आलेला एक वयस्कर माणूस होता, त्याला सगळे मामा म्हणायचे. मालकाला आम्ही शेठ म्हणायचो.

क्रोमच्या टाकीत वीज सोडली की वर बारीक फेस येतो आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात. ते नाकात गेले की आधी शिंका, मग रक्त. सहा महिन्यांत माझी उशी रोज सकाळी डागाळलेली असायची. मामाच्या नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं. उदबत्तीची काडी एका नाकपुडीतून घालून तो दुसरीतून काढून दाखवायचा आणि आम्ही हसायचो. माझ्या बोटांच्या पेरांवर हरभऱ्याएवढे खड्डे पडले होते. दुखायचे नाहीत, पण भरायचेही नाहीत. पगार वेळेवर मिळत होता, अंगात पँट-शर्ट होता, त्यामुळे मी स्वतःला दादापेक्षा शहाणा समजत होतो.

टाकीतलं द्रावण दोन-तीन वर्षांनी निकामी होतं. ते टाकायचं कुठं, हा शेठचा कायमचा प्रश्न. गटारात सोडलं तर गटार पिवळंधमक दिसायचं आणि तपासणीला येणारा साहेब नोटीस द्यायचा. म्हणून शेठने निकामी द्रावण लोखंडी ड्रमांत भरून शेडमागे उघड्यावर ठेवायला सांगितलं, आणि माल धुतलेलं पाणी जिरवायला तिथेच एक शोषखड्डा खणून घेतला. तो खड्डा मी आणि मामाने खणला. वर चार फूट काळी माती, मग मुरूम, मग फुटका खडक. खडकावर पहार मारताना मामा थांबला आणि म्हणाला, आवाज पोकळ येतोय, खाली भेग हाय. शेठला आनंद झाला. भेग असली की पाणी लवकर जिरतं.

दोन पावसाळ्यांत ड्रम बुडातून गंजले. एकदा मी सहज एकाला टाच मारली तर तो भरलेल्या भांड्यासारखा वाजायचा सोडून ठणठणला. झाकण घट्ट होतं, कुणी उपसलेलं नव्हतं. शेजारचाही तसाच वाजला. तिसराही. सातांतले तीन रिकामे. मी शेठला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं, जागा झाली. मी पण मान डोलावून कामाला लागलो.

आमची विहीर त्या शेडच्या उताराला होती. निम्मी आमची, निम्मी चुलतभावाची. चुलतभाऊ माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. पाण्याच्या पाळीवरून त्याचं आणि दादाचं वर्षानुवर्षं वाजत होतं. शेवटी त्याने आपल्या तुकड्यात वेगळी बोअर घेतली आणि विहिरीचं पाणी सोडलं, बोलणंही सोडलं.

त्या वर्षी होळीनंतर मेथीची पानं कडेने करपायला लागली. दादा अनवाणी पाणी धरायचा, त्याच्या नडग्यांवर चट्टे उठले आणि चिघळले. जुड्या धुऊन धुऊन वहिनीच्या बोटांना चिरा पडल्या, त्यातून रक्त यायचं. ती बोटांना चिंध्या गुंडाळून भाकरी थापायची. मग म्हैस आजारी पडली. चार दिवस हगवण लागून ती गोठ्यातच पसरली आणि पाचव्या दिवशी गेली. दादा तिच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसून होता. उठला तेव्हा त्याचं तोंड वेगळंच दिसत होतं.

आदल्या आठवड्यात चुलतभाऊ विहिरीच्या काठावर औषध फवारायचा पंप विसळताना वहिनीला दिसला होता. दादाने तेवढंच धरलं. म्हणाला, "यानं विहिरीत औषध कालवलं."

मी त्याच सकाळी विहिरीचं पाणी ॲल्युमिनियमच्या पांढऱ्या पातेल्यात पाहिलं होतं. लिंबाच्या सरबतासारखी झाक होती त्याला. तो रंग मी रोज आठ तास बघत होतो. तरी मी बोललो नाही. बोललो असतो तर नोकरी गेली असती, आणि त्याहून वाईट म्हणजे खड्डा कुणी खणला ते सांगावं लागलं असतं.

दादा फावड्याचा दांडा काढून निघाला. मी त्याच्या मागे गेलो. चुलतभाऊ वाफ्यात वाकून गवत काढत होता. त्याला उठायलाही वेळ मिळाला नाही. पहिला फटका पाठीत बसला, दुसरा त्याने हातावर घेतला आणि कोपराच्या वर काडकन आवाज झाला. ओला बांबू मोडावा तसा. तो चिखलात पडला तरी दादा मारत राहिला, मांड्यांवर, बरगड्यांवर, एका लयीत. चुलतभावाची बायको घरातून धावत आली. मी तिला दोन्ही दंडांना धरून मागे ओढलं. तिने माझ्या मनगटाला चावा घेतला, मी सोडलं नाही. दादाला आवरायचं सोडून मी तिला धरून उभा राहिलो, हे मला आज इतक्या वर्षांनीही कुणाला नीट सांगता येत नाही.

गावातल्या चार जाणत्या माणसांनी प्रकरण पोलिसांत जाऊ दिलं नाही. चुलतभावाला सरकारी दवाखान्यात नेलं, हात प्लास्टरमध्ये घातला. तो काहीही कबूल करत नव्हता. "मी पंप बांधावर विसळला, विहिरीत थेंब पडला नाही," एवढंच तो म्हणत होता. गावाने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

सहा दिवस मी कसेबसे काढले. सातव्या दिवशी विहिरीचं पाणी बाटलीत भरून शेडमध्ये नेलं. आमच्याकडे एक पांढरी पावडर असायची. साहेब तपासणीला येणार असला की ती ॲसिडबरोबर धुण्याच्या पाण्यात टाकायची. क्रोमचं पिवळं पाणी तिने हिरवट पडतं आणि त्याचं विष बरंच उतरतं. तिची पोती एरवी न फोडता ठेवलेली असत. मी बाटलीत ॲसिडचे चार थेंब आणि चिमूटभर पावडर टाकली. पिवळेपणा हळूहळू गेला आणि तळाशी फिकट हिरवी झाक आली. मामा माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याने विचारलं, कुठलं पाणी? मी म्हणालो, आमच्या विहिरीचं. त्याने हात पुसले आणि बाहेर जाऊन बसला.

दादा शेतात करपलेली मेथी उपटत होता. मी बाटली त्याच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं. खड्डा, भेग, ठणठणणारे ड्रम. शेवटी हेही सांगितलं की म्हैस मेली त्या सकाळीच मला कळलं होतं. मला वाटलं तो मला तिथेच गाडेल. पण तो तसाच चुलतभावाच्या घरी गेला. मी लांब उभा राहिलो. चुलतभाऊ ओट्यावर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. दादा त्याच्यासमोर खाली मातीत बसला, शेडचं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "चूक माझी हाय. मार मला."

चुलतभावाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघतच त्याला म्हणाला, "तुला मारून माझा हात जुळंल का? आधी ते शेड दाखव."

दुपारी दोनच्या सुमाराला भाऊबंदांतली पंधरा-वीस माणसं शेडवर गेली. पहारी, कुऱ्हाडी, ट्रॅक्टरचे रॉड, जे हाताला लागलं ते घेऊन. शेठ टेबलापाशी डबा खात होता. कुणी काही विचारलं नाही. एकाने त्याच्या तोंडावर रॉड मारला. दोन दात आणि वरणभात टेबलावर सांडला. दुसऱ्याने त्याला केसांना धरून दारापर्यंत फरफटत नेलं. विजेची पेटी फोडली, ठिणग्या उडाल्या आणि टाक्या बंद पडल्या. मुलामा दिलेल्या तोट्यांची मांडणी कोसळली, चकचकीत तोट्या सगळीकडे घरंगळल्या, त्यांच्यावरून पाय घसरून माणसं पडत होती आणि उठून आणखी चिडून फोडत होती. शेठ रक्त थुंकत हात जोडत होता. मला त्याची दया आली नाही. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

मग दादा शेडमागे गेला. मी त्याच्या मागे पळालो, आमच्यामागे बरेच जण आले. उरलेले चार ड्रम तिथे होते, काठोकाठ भरलेले, बुडाला गंजाचे पापुद्रे आलेले. दादाने पहार उचलली. त्या चार ड्रमांत जे होतं ते आजवर विहिरीत गेलेल्यापेक्षा जास्त होतं, आणि खाली खडकाची भेग आम्हीच उघडी करून ठेवली होती.

मी ड्रमांना पाठ लावून उभा राहिलो.

"सरक," दादा म्हणाला.

"दादा, हे फोडलंस तर सगळं खाली जाईल. खाली म्हणजे आपल्या विहिरीत. शेठचं काय जातंय? त्याला तर हे कुठंतरी सांडायलाच हवंय."

"लय दिवस राखलंस त्याचं. सरक."

"नाय सरकत."

त्याने पहार टाकली. कुणाच्या तरी हातातला दांडा हिसकावून घेतला आणि मारला. मला नुसता पांढरा उजेड दिसला, मग डाव्या डोळ्यात गरम रक्त. मी खाली बसलो पण ड्रम सोडला नाही. दुसरा फटका खांद्यावर आला, तिसरा बरगडीवर. तो मला त्याच लयीत मारत होता ज्या लयीत त्याने चुलतभावाला मारलं होतं, आणि मला ती लय ओळखू येत होती.

तेवढ्यात शेडच्या आत काच फुटली. भाऊबंदांतल्या एकाने भिरकावलेला दगड ॲसिडच्या बुधल्यावर बसला होता. आंबूस, घसा सोलणारा वास आला. मामा आतून ओरडला, "पांढरा डबा! पांढरा डबा!"

तो डबा सायनाइडचा. क्रोमच्या आधी तांब्याचा मुलामा द्यायच्या टाकीला लागायचं ते. ॲसिड आणि ते एकत्र आलं तर जो वायू निघतो त्याने माणूस चार श्वासांत मरतो, हे आम्हा कामगारांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं असायचं. शेठने जागा वाचवायला दोन्ही एकाच भिंतीला ठेवलं होतं. जमिनीला उतार होता आणि ॲसिड धूर सोडत त्या कोपऱ्याकडे चाललं होतं. मी एका डोळ्याने बघत आत धावलो आणि सगळ्यांना बाहेर व्हा म्हणून ओरडलो. काही पळाले, काहींना वाटलं मी शेठला वाचवायला कांगावा करतोय.

मामा पळाला नाही. त्याने चुन्याचं पोतं दाताने फाडून ओघापुढे उपडं केलं आणि त्या फसफसणाऱ्या वाफेत अनवाणी उभा राहून पायाने चुना लोटत राहिला. मोडक्या तोंडाचा शेठ उठला, मामाच्या बाजूने आत गेला, पांढरा डबा छातीशी धरला आणि धडपडत शेताकडे पळाला. त्याला कुणी अडवलं नाही. तेव्हा कुठे दादाच्या हातातला दांडा खाली आला. त्याने शेडचं फावडं घेतलं, दारातली माती घमेल्यात भरली आणि ओतायला लागला. मग सगळेच ओतायला लागले. ज्या हातांनी दहा मिनिटांपूर्वी फोडाफोड केली होती ते हात माती वाहत होते. चुलतभाऊही एका हाताने घमेलं ओढत होता. खोकल्याचा आवाज तेवढा होता.

मामाच्या तळपायांची कातडी गेली. त्याला आम्ही खाटेवर घालून दवाखान्यात नेलं. तीन महिने त्याला उभं राहता आलं नाही. नंतर तो पेठकडे आपल्या पाड्यावर गेला तो पुन्हा नाशकात कामाला आला नाही. मी दोनदा भेटून आलो. दुसऱ्या वेळी त्याने एवढंच विचारलं, तो खड्डा बुजवला का?

पोलिसांनी दादासकट सात जणांना उचललं. कोठडीत त्यांना पट्ट्याने मारलं. दादा परत आला तेव्हा पालथं झोपायचा. मी जबाब दिला तो शेठच्या विरुद्ध आणि माझ्याही विरुद्ध. खड्डा मी खणला, ड्रम गळतात हे मला माहीत होतं, असं लिहून घ्यायला लावलं. लिहून घेणारा हवालदार म्हणाला, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोस? मी म्हणालो, लिहा.

त्या जबाबामुळे एक झालं. साहेबलोक आले, शेडला कुलूप लागलं, चारही ड्रम न सांडता उचलून नेले गेले. खड्डा उकरला तेव्हा माती पुरुषभर खोलीपर्यंत पिवळी निघाली. विहीर उपसली, पुन्हा उपसली. दरवेळी झरे तेच पाणी आणत होते. शेवटी तिच्यावर लोखंडी जाळी बसली आणि पिण्याच्या पाण्याला आम्ही टँकरच्या रांगेत उभे राहायला लागलो.

दादा माझ्याशी दोन वर्षं बोलला नाही. मी गवंड्याच्या हाताखाली गेलो आणि ॲसिडला दाद न देणारी फरशी बसवायला शिकलो. पुढे तेच माझं काम झालं. वसाहतीच्या लहान लहान शेडमध्ये जायचं, ड्रमांखाली पक्का ओटा करायचा, भोवती गुडघाभर कठडा बांधायचा, म्हणजे ड्रम फुटला तरी आतलं कठड्यात राहील. ॲसिड एका खोलीत, सायनाइड दुसऱ्या खोलीत, मध्ये भिंत. काम नसलं तरी मी शेडमागे डोकावायचो, ड्रमला टाच मारून बघायचो. त्यावरून शिव्या खाल्ल्या. एका मालकाने कानाखाली वाजवली आणि फाटकाबाहेर ढकलून दिलं. आठवड्याने त्यानेच निरोप पाठवून कठडा बांधून घेतला. त्याच्या शेजाऱ्याकडे तपासणी आली होती म्हणे.

दोन हजार सालानंतर आमच्या बाजूच्या जमिनीचे प्लॉट पडले. तिथे चार मजली दोन इमारती उभ्या राहिल्या आणि बिल्डरने पाण्यासाठी खोल बोअर मारली, आमच्या जाळी लावलेल्या विहिरीपासून शंभर पावलांवर. मी जाऊन सांगितलं. त्याने पाणी काचेच्या ग्लासात भरून दाखवलं. स्वच्छ होतं. रंग दिसायला क्रोम बरंच असावं लागतं, त्याहून कमी असलं तर दिसत नाही पण असतं, तपासून घ्या, असं मी म्हणालो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याच्या दोन माणसांनी मला वाळूच्या ढिगावर पाडून लाथा घातल्या. दोन बरगड्या गेल्या. लोक राहायला आले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंना मी जिन्यात गाठून सांगितलं, तर त्यांनी दार लावून घेतलं.

मग एका सकाळी मी हातोडा घेऊन गेलो आणि बोअरच्या मोटारीचा स्टार्टर फोडला. पेटी फुटल्यावर थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. पाइप ठेचला, केबल तोडली, वॉचमन मधे आला तर त्याच्यावरही हातोडा उगारला. तो भिंतीला चिकटून उभा राहिला आणि त्याचे डोळे बघून माझा हात आपोआप खाली आला. शेडमागे मला मारताना दादाला काय झालं असेल ते मला त्या क्षणी कळलं. पोलीस येईपर्यंत मी तिथेच बसून राहिलो.

जामिनाला माणूस हवा होता. दादा ठाण्यात आला, आणि त्याच्याबरोबर चुलतभाऊ. तो एवढी वर्षं माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. कागदावर सही करताना त्याने मान वर न करता विचारलं, "पाणी खरंच खराब हाय, का नुसता संशय?"

"संशय हाय," मी म्हणालो. "तपासलं नाय कुणी."

"मग तपासायला लाव."

केस कोर्टात उभी राहिल्यावर मी मोडतोडीचं कारण पाणीच सांगितलं, तेव्हा ते तपासावंच लागलं. नमुना सरकारी प्रयोगशाळेत गेला आणि अहवाल आला, पिण्यालायक नाही. बोअरला झाकण बसलं, इमारतींना महापालिकेच्या नळाची जोडणी मिळाली. मोडतोडीबद्दल मला शिक्षा झाली ती मी भोगली, त्याबद्दल तक्रार नाही. वॉचमनच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्याने पाणी दिलं पण बस म्हणाला नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाई पुढे एकदा बाजारात भेटल्या. त्या इमारतीत दीड वर्ष ते पाणी पीत होत्या, धाकटी मुलगी तिथेच जन्मली होती. त्यांनी मला विचारलं, आता पुढे काही होईल का हो तिला? मला माहीत नाही असं मी सांगितलं, आणि ओळखीच्या डॉक्टरांचा पत्ता त्यांच्या पिशवीवर लिहून दिला.